खांबेटेमामांचा कान

लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा मी आतेभावाला मोठ्या ऐटीत सांगितलं, "हिचे मामा बोटींचे सर्व्हेयर आहेत. बोट फुटली, बुडाली, की विमा कंपनी त्यांना पाठवते. ते बघतात आणि नुकसान कशाने झालं ते लिहून देतात." आतेभावाने शांतपणे चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "इंदुरात? तिथे बोट चालते कुठे, सराफ्यात?" सगळे हसले. मीही हसलो. जावई माणसाला दोन्हीकडच्या घरांत हसावंच लागतं.

परत आल्यावर हा विनोद मी खांबेटेमामांना सांगण्याची चूक केली. मामा म्हणाले, "पुण्यात तरी कुठे समुद्र है? आणि त्यांची नदी पाहिलीय मी, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. आमची नर्मदा दोन तासांवर है, जावईबापू. तिच्यात बोटी आहेत. आणि जिथे बोट है, तिथे भोक है. मग कुणीतरी जायला पाहिजे ना यार, बघायला?"

एवढं बोलून ते निघालेसुद्धा.

मामा सतत निघालेले असायचे. जुनी इंदूरमध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पण पायात सँडल नाही एवढ्याच कारणाने ते घरात आहेत असं म्हणायचं. उंच, काटकुळे, खांद्याला खाकी पिशवी. पोहे उभ्याने खायचे, पेपर उभ्याने वाचायचे. कुणी खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "बसतो कसला, निघायचं है." मी त्यांना नीट बसून जेवताना पाहिलं ते एकदाच, आमच्या लग्नात, कारण तिथे पंगत होती. मामी म्हणायच्या, "सप्तपदीत यांच्यामागून मला पळावं लागलं. भटजी म्हणाले, भियाजी, सातच आहेत, मुंबईला नाही जायचं."

बोटी वर्षाला पाच-सात. बाकी काम ट्रकांचं. ट्रकमधून जाणाऱ्या मालाच्या विम्यालाही 'मरीन'च म्हणतात, हे मला मामांकडून कळलं आणि अजून खरं वाटत नाही. मानपूरच्या घाटात कपडे धुवायच्या पावडरचा ट्रक भर पावसात उलटला होता. नाल्याला गुडघाभर फेस. मालक छाती बडवत होता की सगळा भारी माल वाहून गेला. मामांनी फेसात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "भारी माल कसला, निम्मा सोडा है." प्रयोगशाळेनेही पुढे तेच सांगितलं. घरी आल्यावर दोन दिवस मामांना मामींच्या हातचं सगळं कडू लागलं आणि मामींनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला, तो भाग सोडून देऊ.

पण जीभ ही त्यांची जोडधंद्यातली. खरा लौकिक कानाचा. पिशवीत एक लहान हातोडी असे, लांब दांड्याची. बोटीच्या प्रत्येक फळीवर ते ती हलकेच मारत, डोळे मिटत, मान तिरपी करत. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. अपघाताने मोडलं तर विमा मिळतो, आतून सडत गेलं म्हणून मोडलं तर मिळत नाही. म्हणजे नावाड्याचं नशीब त्या एका आवाजावर. मामा म्हणत, "माणसाला काय विचारता? माणूस सांगणारच. फळीला विचारा."

सवय इतकी मुरलेली की ते सगळंच वाजवत. दारं, माठ, बसचे पत्रे. बडा गणपतीजवळचा एक कलिंगडवाला त्यांना लांबून पाहिलं की गाडा फिरवत असे. माझी स्कूटर त्यांनी पहिल्याच भेटीत वाजवली आणि सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा ठीक है, मडगार्ड गेलं है."

नंतर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली. मी त्याच सुमारास वीज मंडळातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो होतो. 'स्वेच्छा' हा शब्द कागदावरचा. घरात माझ्या इच्छेने काही होत असल्याचा दुसरा पुरावा नाही. आमच्या हिने, शैलाने, चार दिवस माझं घरी बसणं पाहिलं आणि पाचव्या दिवशी मला मामांच्या स्वाधीन केलं. ड्रायव्हर, पाणी देणारा आणि खडूने फळ्यांवर नंबर घालणारा.

अशा रीतीने मी महेश्वरला गेलो, गोविंद केवटची बोट बघायला.

गोविंद यात्रेकरूंना नदीत फिरवायचा. भाद्रपदात पाणी चढलं, वाहत आलेला झाडाचा ओंडका बांधून ठेवलेल्या बोटीला लागला, कूस फुटली आणि बोट घाटालाच बुडाली. त्याने चार माणसं लावून ती बाहेर काढली आणि काठावर उपडी घातली. काढताना फुटक्या फळ्या कापल्या, भोकावर पत्रा ठोकला.

"कापलेल्या फळ्या कुठे आहेत?" मामांनी हिंदीत विचारलं.

"चूल्हे में गई साहब. बारिश में सूखी लकड़ी कहां मिलती है?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. पुरावा चुलीत गेला म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर जात. आता उरल्या होत्या त्या शेजारच्या फळ्या. मामा हातोडी घेऊन वाकले. टक. टक. टक. डोळे मिटलेले. मी खडू घेऊन शेजारी उकिडवा. मला वाटलं, काय छान वाजतंय, देवळातल्या लाकडी खांबासारखं. मामा उठले आणि हळूच म्हणाले, "ऐकलंत? मेलेलं लाकूड है."

मी मान हलवली.

ही मान मला अजून त्रास देते. पण सव्वीस वर्षं शैला मला सांगत आलीय की मला कान नाही. गाण्याच्या बैठकीला गेलो की मी कुठे वाहवा करायची हे ती कोपराने सांगते. तिथे खांबेटेमामांपुढे मी काय म्हणणार?

गोविंदला मात्र अंदाज आला. "साहब, तीन दिन पानी में डूबी थी. गीली लकड़ी है. चाकू लगा के देख लो ना."

"चाकू ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी लावावा," मामा मला मराठीत म्हणाले आणि पिशवी उचलली. त्यांनी लिहिलं, फळ्या सडक्या, ओंडका हे निमित्त. कंपनीने दावा नाकारला. गोविंदने फोनवर मामांना जे ऐकवलं ते त्यांना पूर्ण ऐकू गेलं असावं, कारण ते खालच्या पट्टीत होतं.

परतीच्या वाटेवर मामा उदास होते. "लाकूड राहिलं नाही, जावईबापू. पहिले दहात एक सडकी निघायची. आता बघा, दहात आठ. कुठून आणतात हे लोक?" ही तक्रार ते दोन वर्षांपासून करत होते. आम्हाला सवय झाली होती. म्हातारी माणसं म्हणतातच, दूध राहिलं नाही, गहू राहिला नाही. मामा म्हणत, लाकूड राहिलं नाही.

तीच तक्रार फाल्गुनात आमच्या घरी आली.

शैलाने पंधरा वर्षं मनात धरलेलं सागवानी डायनिंग टेबल शेवटी करून घेतलं. रामेश्वर मिस्त्री शेवटचा हात फिरवत होता तेवढ्यात मामा आले आणि अर्थातच त्यांनी टेबल वाजवलं.

"सडलं है हे."

शैलाचा चेहरा पडला. रामेश्वर हसला. "बाबूजी, सागौन है. लट्ठा मैंने सामने खड़े होकर चिराया."

"ऊपर से अच्छा होगा. अंदर से गया हुआ है."

"अरे भिया!" मिस्त्रीने स्वतःची हातोडी घेतली आणि टेबलावर मारली. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "ये आवाज सड़े की है?"

मामांनी परत मारली. मग टेबलाला कान लावला आणि परत मारली. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो आणि टेबल चांगलं खणखणत होतं. मामांनी मिस्त्रीच्या हत्यारांतली पटाशी घेतली, टोक फळीत रोवलं आणि सगळा भार टाकला. ती आत जाईना. परत टाकला. पटाशी घसरली आणि नव्या टेबलावर बोटभर चरा उमटला.

"मामा!" शैला ओरडली.

मामा खुर्चीवर बसले. पूर्ण बसले, पाठ टेकून. ते पाहून शैला टेबल विसरली आणि पाणी आणायला धावली.

बऱ्याच वेळाने ते मला म्हणाले, "महेश्वरला तुम्ही होतात. गोविंदची बोट कशी वाजली?"

"मला..." मी म्हटलं, "मला खणखणीत वाटली, मामा."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कान नाही म्हणतात घरात."

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चला, डॉक्टरकडे."

काचेच्या खोलीत बसवून कानाच्या डॉक्टरने त्यांना सूर ऐकवले आणि कागदावर एक रेघ काढून दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, पुढे दरीत कोसळलेली. माणसाचं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं, पण आवाजाचा वरचा, टोकदार भाग गेलाय. निदान दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. म्हणजे खणखणीतातलं खणखण मामांच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं, उरत होतं ते बद्द. लाकूड जिथल्या तिथे चांगलं होतं.

मामी म्हणाल्या, "यांना माझं ऐकू येत नाही ही माझी चाळीस वर्षांची तक्रार. कुणी नवीन समजलंच नाही."

मामांनी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच गोविंदला फोन लावला. पलीकडून गोविंद म्हणाला, "अब फोन का क्या फायदा साहब? कल सुबह नाव कटवा रहा हूं. लकड़ी का भाव मिल जाएगा."

मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती बोट तुटली की त्यांची चूक कायमची बरोबर ठरणार होती. तपासायला फळीच उरली नसती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. तरी महूच्या पुढे रेल्वेचं फाटक लागलं. मामा गाडीतून उतरून फाटकाच्या दांडीला हात लावून उभे राहिले, जणू हलकेच वर ढकलली तर उघडेल. "मामा, गाडी यायची आहे." "माहीत है!" मानपूरच्या घाटात ते प्रत्येक वळणावर पायाने नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐंशीच्या वर गेलो. शैलाला अजून सांगितलेलं नाही.

घाटावर पोचलो तेव्हा बोटीभोवती दोन करवतवाले होते. एक फळी उतरून वाळूत पडली होती.

"रुको!" मामा पायऱ्यांवरूनच ओरडले. "रुको, हाथ मत लगाओ!"

गोविंद कमरेवर हात ठेवून उभा होता. "आ गए साहब? अब क्या बचा है ठोकने को?"

मामा धापा टाकत त्याच्यासमोर उभे राहिले. "गोविंदजी, मेरी रिपोर्ट गलत थी."

"क्या?"

"गलत थी. लकड़ी का पूरा आवाज मेरे कान में नहीं आता. दो-तीन साल से. मुझे पता नहीं था, कल पता चला."

करवती थांबल्या. शेजारच्या बोटीवरचे दोघं-तिघं जवळ आले. गोविंद आधी हसला, मग त्याचं हसू वाकडं झालं. "मतलब बहरे आप, और डूबा मैं?"

"हां," मामा म्हणाले.

मला वाटलं, पुढे काहीतरी सांगतील. वय, डॉक्टर, ओलं लाकूड, चुलीत गेलेल्या फळ्या. पण त्यांचं उत्तर त्या एका 'हां'वर संपलं होतं.

"सात महीने दूसरे की नाव पे चप्पू मारा मैंने! जो कल तक मुझे सेठ बोलते थे, वो बोले, ए गोविंद, रस्सी पकड़! इंजन परसों बिक गया. ये लिखोगे आपकी रिपोर्ट में?"

"वो रिपोर्ट में नहीं आता." मामा थांबले. "पर लिख दूंगा."

मग त्यांनी पिशवीतून चाकू काढला. आदल्या दिवशीच घेतला होता, मुठीवरची किमतीची चिठ्ठी तशीच. मी खडूने नंबर घातले आणि मामा एकेका फळीला, सांध्याला, खिळ्याच्या बाजूला टोक रोवत गेले. ऊन चढलं. गुडघे वाळूत, शर्ट पाठीला चिकटलेला. चाकू आत जाईना की म्हणत, "घट्ट." मी लिहायचो, घट्ट. गोविंद आधी लांब उभा होता. मग बोटीला वळसा घालू लागला. मग स्वतःच मामांच्या पुढे जाऊन फळ्यांवरची वाळू हाताने झाडू लागला. मागच्या टोकाशी आले आणि चाकू मुठीपर्यंत आत गेला. पुढच्या फळीतही.

"पीछे की दो सड़ी हैं," मामा म्हणाले.

"अरे साहब!" गोविंदने कपाळावर हात मारला. "माफी मांगने आए हो कि बदला लेने?"

"जो है वो लिखूंगा."

 करवतवाल्यांना गोविंदने हाताने जायची खूण केली आणि उपड्या बोटीवर बसला. "लिखो फिर. सब लिखो. दो भी लिखो."

तो पुरवणी अहवाल मी टाइप केला. पहिलं वाक्य मामांनी तीनदा वाचून घेतलं: 'सर्वेक्षकास उंच स्वर ऐकू येत नाहीत, आधीची तपासणी कानाने झाली असल्यामुळे चुकीची आहे, ही तपासणी चाकूने व बोटाने केली आहे.' कंपनीतला अधिकारी तरुण होता, चांगला होता. मामांना बघून उठला. म्हणाला, "खांबेटेजी, ये पहली लाइन हटा दीजिए. हम दूसरा सर्वेयर भेज देते हैं, वो नई रिपोर्ट दे देगा. आपका नाम भी साफ, आप आराम से रिटायर."

"और बाकी नावें?" मामांनी विचारलं.

"कौन सी बाकी?"

"जो मैंने इन दो-तीन साल में ठोकी हैं."

अधिकारी खाली बसला. मामा उभेच होते. तिथेच त्यांनी सर्व्हेयरचं लायसन्स परत करण्याचा अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला आणि जुन्या फाइलींची यादी मागितली. गोविंदचा दावा चार महिन्यांनी मंजूर झाला, दोन फळ्या वगळून. बोट पाण्यात गेली तेव्हा त्याने मला फोन केला, मामांना नाही. म्हणाला, "उनको सुनाई नहीं देगा, आप बोल देना." मी बोललो. मामा म्हणाले, "ठीक है. पुढची कुठली?"

यादीत अकरा बोटी होत्या. आता मामा कुणाचे सर्व्हेयर नव्हते, कुणी पाठवत नव्हतं, भत्ता नव्हता. तरी आम्ही जात होतो. धामनोद, बडवानी, पार पलीकडच्या तीरापर्यंत. एकाने आम्हाला काठी घेऊन पिटाळलं. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, जाने दो बाबूजी. ते मामांना काठीपेक्षा जड गेलं. चार बोटी तर खरंच सडक्या निघाल्या. चाकू लोण्यासारखा आत. अशा दिवशी मामा इतके खूश असत की रस्त्यात थांबून मला कचोरी खिलवत. बोटवाल्याला मात्र हा आनंद कशाचा ते कळत नसे.

गेल्या थंडीत मामा गेले, अगदी उभ्या उभ्या, मामींशी काहीतरी वाद घालताना. यादीतल्या दोन बोटी राहिल्या. त्यांच्याबरोबर मी शेवटचा गेलो तो नवव्या बोटीला, धरमपुरीच्या पुढच्या एका गावात. बोट म्हाताऱ्या रेवाबाईच्या नवऱ्याची. नवरा आता नव्हता. मामांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, मोठ्याने, कारण आपण किती मोठ्याने बोलतोय ते त्यांना कळत नसे. रिपोर्ट चुकीची होती. लाकूड कदाचित चांगलं होतं. नाव कुठे आहे?

रेवाबाईने सगळं ऐकलं. चुलीवर भाजी होती, तिच्या हातात उलथनं होतं. तिने दुसरा हात दारावर ठेवला.

"ये रही नाव. जब पैसा नहीं मिला तो तोड़ दी. घर में दरवाजा नहीं था."

सहा फळ्यांचं दार. कुठेकुठे डांबर होतं, आणि फळ्यांत नावेचा बाक राहिल्यामुळे दार पोटातून किंचित फुगलेलं.

 मामांनी चाकू काढला. "मांजी, दरवाजा बंद करना पड़ेगा. पूरा देखना है."

तिला काय वाटलं कोण जाणे. ती आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"मामा," मी म्हटलं, "आता हा अहवाल द्यायचा कुणाला?"

ऐकू आलं नसेल किंवा आलं असेल. ते पहिल्या फळीच्या वरच्या टोकापासून लागले होते. चवड्यांवर उभे राहून टोक रोवायचं, दाबायचं, अंगठ्याने चाचपायचं, मग चार बोटं खाली. "घट्ट." मी खिशातून कागद काढला. "घट्ट." रस्त्यावर दोन बायका पाण्याचे हंडे घेऊन थांबल्या. आतून भाजी करपल्याचा वास येऊ लागला आणि पाठोपाठ रेवाबाईचा आवाज, "बेटा, खोलूं अब?"

मामांना तो ऐकू गेला नाही. ते तिसऱ्या फळीच्या तळाशी गुडघ्यांवर बसले होते.

"रुको मांजी," मी ओरडलो, "अभी तीन बाकी हैं."